आधी घरचं फाटक मोजा: नागपुरात फॅमिली सेडान घेताना

"काऊन रे, गाडीत बसून राहिलो का विहिरीत उतरून राहिलो?"

शोरूममधल्या चकचकीत सेडानच्या मागच्या सीटवर बसता बसता बाबा एवढंच बोलले आणि सेल्समनचा सनरूफवरचा पाठ मध्येच थांबला. त्याआधी तीन आठवडे मी रात्र-रात्र जागून हॉर्सपॉवर, टॉर्क आणि टचस्क्रीनचे इंच वाचत होतो. बाबांचे गुडघे कुठल्याच तक्त्यात नव्हते.

आम्ही शेवटी सेडानच घेतली, पण चार महिने लागले, कारण सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी गाडी आवडली, मग किंमत विचारली, मग घरच्यांना दाखवली आणि सगळ्यात शेवटी घराचं फाटक पाहिलं. खाली लिहिलेला क्रम त्याच्या बरोबर उलटा आहे.

टेप घ्या आणि बाहेर जा

मिडसाइझ सेडान म्हणजे साडेचार मीटरची गाडी. स्कोडाची स्लाविया ४५४१ मिमी, ह्युंदाईची वर्ना ४५३५, फोक्सवॅगनची व्हर्टस ४५६१, होंडाची सिटी त्याहून थोडी लांब. जुन्या प्लॉटच्या घरांमध्ये पार्किंग स्विफ्ट किंवा वॅगन आर डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं असतं. लांबीत गाडी बसेलही, पण मागे डिक्की उघडायला आणि पुढे फाटक लावायला जागा उरते का ते पाहा. भिंतीपासून फाटकापर्यंत पाच मीटर मोकळे असले तर सुखाने राहाल. फ्लॅटमध्ये असाल तर दोन खांबांमधलं अंतर मोजा आणि शेजारची गाडी लागलेली असताना दार किती उघडतं ते बघा. म्हाताऱ्या माणसाला अर्ध्या उघडलेल्या दारातून सेडानमध्ये बसवणं म्हणजे कसरत.

खरा घोळ उताराचा आहे. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते झाले तसे ते घरांपेक्षा उंच झाले. पावसाळ्यात अंगणात पाणी शिरू नये म्हणून लोकांनी फाटकाशी उंचवटे बांधले. त्यामुळे कित्येक घरांत गाडी आधी चढते, मग एकदम उतरते. अशा टेकाडावर सेडान दोन ठिकाणी मार खाते: उतार सुरू होतो तिथे पुढचा बंपर टेकतो आणि माथ्यावर, चाकांच्या मधोमध, पोट घासतं. चाकांमधलं अंतर जितकं जास्त तितकं पोट घासण्याचं भय जास्त, आणि या गाड्यांत ते २६०० ते २६७० मिमी आहे.

ग्राउंड क्लिअरन्सचे, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या उंचीचे आकडे इथे कामाला येतात. स्लाविया आणि व्हर्टसचा १७९ मिमी सांगतात, सिटी आणि वर्नाचा १६५. पण हे आकडे रिकाम्या गाडीचे. पाच माणसं आणि डिक्कीत दोन बॅगा आल्या की गाडी बसते. म्हणून टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी बोलवा, घरातली चार माणसं बसवा आणि आपल्याच फाटकातून आत-बाहेर करा. शोरूमवाले नाही म्हणत नाहीत, आपणच विचारत नाही. आमच्याकडे एक गाडी घासली, दुसरी बोटभर अंतराने वाचली. मग मिस्त्रीला बोलावून उतार दीड फूट लांबवला. त्याचा खर्च एका बंपरच्या रंगकामापेक्षा कमी आला.

मागच्या सीटवर कोण बसणार?

हा प्रश्न बायकोला, आईला आणि शाळेत जाणाऱ्या पोरांना विचारा, स्वतःला नाही. स्वतः तर पुढेच बसणार.

सेडानची सीट एसयूव्हीपेक्षा खाली असते, हे बदलत नाही. पण गाडी-गाडीत फरक आहे. वर्नाचं छत मागे उतरत जातं, त्यामुळे उंच माणसाचं डोकं टेकतं आणि आत शिरताना वाकावंही लागतं. पाय ठेवायला मात्र भरपूर जागा. सिटीची मागची बैठक या वर्गात मला सगळ्यात आरामाची वाटली, मांड्यांना आधार नीट मिळतो. स्लाविया-व्हर्टसमध्ये दोघांची ऐट असते, पण मधल्या माणसाच्या पायांत उंच बोगदा येतो. तिघं मोठी माणसं मागे बसून रामटेकला जाणार असतील तर तिसऱ्याला आधीच सांगून ठेवा.

चाचणी सोपी आहे. ज्येष्ठांना हात न देता पाच वेळा बसायला-उतरायला लावा. पहिल्या वेळी सगळेच "जमते ना" म्हणतात. पाचव्या वेळी हात कुठे जातो ते बघा: दाराच्या चौकटीला की समोरच्या सीटच्या पाठीला. आईला नऊवारी नाही तरी साडी नेसूनच न्या. पंजाबी ड्रेसमध्ये सगळ्याच गाड्या सोप्या वाटतात. बाबांना त्या दिवशी जी गाडी विहीर वाटली, तिथे पुढची सीट उंच करून बसवल्यावर ते मजेत बसले. आता आमच्याकडे बाबा पुढे आणि मी किंवा बायको मागे. पुढची डावी सीट वर-खाली होते का हे विचारायचं मला तोवर सुचलंच नव्हतं. बऱ्याच व्हेरिएंटमध्ये ती होत नाही.

डिक्कीबाबत फार विचार करू नका. सिटी हायब्रिड सोडली तर सगळ्यांची पाचशे लिटरच्या वर आहे (सिटी ५०६, स्लाविया-व्हर्टस ५२१, वर्ना ५२८). लग्नाचं सामान, संत्र्यांच्या पेट्या, गावाहून आलेलं तुरीचं पोतं, सगळं मावतं. फक्त डिक्कीचं तोंड किती उंच आणि रुंद आहे ते बघा, कारण पोतं उचलून आत टाकायचं असतं.

तुमचा रस्ता कोणता

सेडान नको, एसयूव्ही घे, असं सांगणारे दहा जण भेटतील. त्यांना उत्तर एकच: आपला बहुतेक प्रवास सपाट आणि सरळ रस्त्यावर आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबई सलग सुरू. शिर्डीपर्यंतचा ५२० किलोमीटरचा टप्पा तर डिसेंबर २०२२ पासूनच आहे. मोटारींना वेगमर्यादा ताशी १२०. त्या वेगाला बुटकी गाडी रस्त्याला चिकटून चालते, आडव्या वाऱ्याने हलत नाही आणि पेट्रोलही कमी खाते, कारण तिला हवा कमी कापावी लागते. चौदाव्या तासाला नव्हे, दुसऱ्याच तासाला हा फरक कळतो.

पण तुमचा रस्ता वेगळा असेल तर उत्तरही वेगळं. दर शनिवारी आतल्या गावच्या शेतावर जायचं असेल, पावसाळ्यात पांदण रस्ता लागत असेल, तर सेडानचा हट्ट सोडा. वर्षातून दोनदा जायचं असेल तर हट्ट धरा आणि शेवटचा अर्धा किलोमीटर पायी जा.

गावचा विचार करताना सर्व्हिस सेंटरही बघा. नागपुरात चारही कंपन्यांचं काम होऊन जातं. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडे गाडी अडली तर कोण येईल, हे वेगळं प्रकरण आहे. ह्युंदाईचं जाळं तिकडे तुलनेने दाट, स्कोडा-फोक्सवॅगनचं विरळ. मारुतीचं तर गल्लीबोळात, पण सियाज २०२५ मध्ये बंद झाली आणि मारुतीकडे आता या वर्गात गाडीच नाही. डिझायर छान गाडी आहे, मात्र ती चार मीटरच्या आतली. तुमचं कुटुंब चौघांचं असेल आणि वर्षातून दोनच लांबचे प्रवास असतील, तर तिच्यात बसून बघा. चार लाख वाचतील.

इंजिन आणि गिअर

डिझेल शोधत असाल तर शोध थांबवा. सिटी आणि वर्ना दोन्हींची डिझेल इंजिनं २०२३ मध्येच गेली, स्लाविया-व्हर्टसमध्ये ती कधी आलीच नाहीत. कंपनीची सीएनजीही या चौघींत नाही. बाहेरून किट बसवलं तर डिक्की जाते आणि वॉरंटीवर वाद होतो, आणि नागपुरात सीएनजीचे पंप पुण्या-मुंबईच्या मानाने कमी. म्हणजे उरतं पेट्रोल.

सिटीचं १.५ लिटरचं साधं इंजिन १२१ पीएसचं (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), वर्नाचं साधं ११५ पीएसचं. दोन्ही शांत, शहरात गुळगुळीत. टर्बो (हवा दाबून भरून जास्त ताकद देणारं) हवं तर स्लाविया-व्हर्टसचं १.० लिटर (११५ पीएस) आणि १.५ लिटर (१५० पीएस), किंवा वर्नाचं १.५ टर्बो (१६० पीएस). माझं मत: धरमपेठ ते हिंगणा एवढाच रोजचा प्रवास असेल तर साधं इंजिन पुरे. ओव्हरटेकची मजा घ्यायची असेल, महिन्यातून दोनदा छिंदवाड्याचा घाट चढायचा असेल, तर टर्बो.

ऑटोमॅटिक घेताना नुसतं "ऑटोमॅटिक आहे का" विचारू नका, कोणती ते विचारा. सिटीत सीव्हीटी (ठरावीक गिअरच नसलेली ऑटोमॅटिक) आहे आणि वर्नाच्या साध्या इंजिनालाही त्याच जातीची. ती गर्दीत मऊ चालते. जोरात दाबलं की इंजिन आवाज करतं आणि गाडी मागून येते. १.० टर्बो स्लाविया-व्हर्टसमध्ये सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर, जुनी आणि दणकट पद्धत. १.५ टर्बोत सात गिअरची ड्युअल क्लच, हायवेवर बहारदार. पण कोरड्या क्लचची ड्युअल क्लच गर्दीत इंचाइंचाने सरकवली तर तापते. मेच्या उन्हात सीताबर्डीवरून रोज संध्याकाळी सरपटत जाणाऱ्याने तिच्यापासून लांब राहावं, किंवा पुढच्या गाडीशी अंतर ठेवून, थांबून-थांबून मग एकदम पुढे जायची सवय लावावी.

हायब्रिडचा (पेट्रोल इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड) हिशेब कागदावर करून पाहा. वर्षाला १२,००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये धरलं, आणि साधी गाडी प्रत्यक्षात १४ चं ॲव्हरेज देते असं समजलं, तर वर्षाला सुमारे ९०,००० चं पेट्रोल. सिटी हायब्रिडने २२ दिलं तर सुमारे ५७,०००. बचत ३३,०००. दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक धरला तरी पैसे वसूल व्हायला नऊ वर्षं लागतात. वर्षाला २५,००० किलोमीटर फिरणाऱ्याचं गणित निम्म्यात येतं. त्याने जरूर घ्यावी.

भर दुपारी दोनला टेस्ट ड्राइव्ह

टेस्ट ड्राइव्ह सकाळी अकराला मिळते आणि गाडी आधीच थंड करून आणलेली असते. तसं नको. दुपारी दोनची वेळ घ्या, गाडी एसी बंद करून अर्धा-पाऊण तास उन्हात उभी करायला सांगा आणि मग बसा. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) असला तर उत्तमच. पारा ४५ च्या वर गेलेला असताना जी गाडी दहा मिनिटांत मागच्या माणसाला थंड करते ती बाकी अकरा महिने करेलच. एसीचा झोत मागे कितपत पोचतो हे मागे बसलेल्यालाच विचारा. पुढच्या सीटला खालून हवा येण्याची सोय वर्ना, स्लाविया आणि व्हर्टसच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये आहे. ती चैन आहे असं मला वाटायचं. एप्रिलमध्ये मत बदललं.

सनरूफबद्दल मी घरात एकटा पडलो. माझं म्हणणं: नागपुरात वर्षातले किती दिवस ते उघडाल? काचेतून ऊन आत येतं, खालचा पडदा असला तरी तापतोच. पोरं हट्ट करतात आणि मग सिग्नलला डोकं बाहेर काढतात. पण वरचा व्हेरिएंट घेतला की ते येतंच, त्यामुळे भांडण वाया. सीटचा रंग मात्र तुमच्या हातात असला तर फिकट घ्या. काळं लेदरेट मेमध्ये मांड्या भाजतं. बाहेरून पांढरी किंवा चंदेरी. आणि काळी फिल्म लावू म्हणाल, तर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेच तिला मनाई केली आहे. चौकात पोलीस थांबवतात, मग खरडून काढावी लागते.

चालवताना तीन गोष्टी: खड्ड्यांचा रस्ता, सिमेंटचा रस्ता आणि गतिरोधक. सिमेंटवर ८०-९० च्या वेगाला टायरचा आवाज आत किती येतो ते रेडिओ बंद करून ऐका. गतिरोधकावरून पाच माणसांसह तिरपं न जाता सरळ जा. आणि जो व्हेरिएंट घ्यायचा तोच चालवा. "इंजिन सारखंच आहे सर" हे वाक्य सोळा इंची टायरच्या गाडीत बसवून पंधरा इंची टायरच्या गाडीबद्दल सांगितलं जातं.

सुरक्षा: तारे मोजा, पण अहवालही वाचा

स्लाविया आणि व्हर्टसला ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत, एप्रिल २०२३ मध्ये पाच तारे मिळाले, वर्नाला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. तारे सारखे, पण अहवालात फरक आहे: स्लाविया-व्हर्टसचा सांगाडा स्थिर ठरला, वर्नाचा अस्थिर. हा बारकावा शोरूममध्ये कोणी सांगत नाही. सहा एअरबॅग आता चौघींतही सर्व व्हेरिएंटमध्ये येतात, त्यामुळे त्यासाठी वरचा व्हेरिएंट घ्यायची गरज नाही.

कॅमेरा किंवा रडारवर चालणारी मदत, म्हणजे एडास, सिटी आणि वर्नाच्या काही व्हेरिएंटमध्ये मिळते. समृद्धीवर समोरच्या ट्रकशी अंतर राखणं तिने छान होतं. इतवारीत मात्र आधी बंद करावी लागते. चहूबाजूंनी स्कूटर घुसल्या की ती सारखी ओरडते आणि मध्येच ब्रेकही मारते. लहान मूल असेल तर हे पैसे आधी चांगल्या चाइल्ड सीटवर घाला.

किंमत: फळ्यावरची आणि खिशातली

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल मोटारींवर ४० टक्के जीएसटी आहे. आधी सेस धरून या वर्गावर ४५ टक्के पडायचा. आता एक उदाहरण घेऊ. एक्स-शोरूम १३ लाखांची पेट्रोल गाडी, वैयक्तिक नावावर. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १,५६,०००. दहा लाखांच्या वर गाडी असल्याने १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ घेतलेला आयकर), १३,०००. हे पैसे आयकर विवरणपत्रात परत मागता येतात, ती पावती जपा. विमा साधारण ५०,०००. नोंदणी, कर्जाचा बोजा, फास्टॅग मिळून दोन-तीन हजार. झाले सव्वापंधरा लाखांच्या आसपास. कंपनीच्या नावावर घेतलीत तर रोड टॅक्स २० टक्क्यांवर जातो, हे सीए मित्राने आधी सांगितलं तर बरं.

यापलीकडे कोटेशनमध्ये जे काही असेल, त्याच्यावर बोट ठेवून विचारा. मला एका शोरूमने "हँडलिंग" आणि "एसेन्शियल किट" मिळून बरीच मोठी रक्कम लावली होती. किटमध्ये होते मॅट, चिखलपट्ट्या आणि सुगंधाची बाटली. "हे काढून द्या, नाहीतर दुसरीकडे जातो" म्हटल्यावर मॅनेजर आला, चहा आला आणि हँडलिंग गेलं. किट अर्ध्यावर आलं. तीन शोरूमची लेखी कोटेशनं घ्या, एकच व्हेरिएंट आणि एकच रंग धरून.

कधी घ्यायची? दसरा, धनत्रयोदशी आणि पाडव्याला गाडी दारात हवी म्हणून सगळे धावतात, तेव्हा सूट मागायला तोंड राहत नाही. पितृपक्षात शोरूममध्ये चिटपाखरू नसतं. सौदा तेव्हा पक्का करा, गाडी घटस्थापनेनंतर आणा. आजीचंही मन राहतं. डिसेंबरमध्ये सूट जास्त मिळते, पण गाडीचं वर्ष जुनं लागतं. दहा वर्षं वापरणार असाल तर फरक नाही, चार वर्षांत विकणार असाल तर आहे.

कर्जाचा एकच आकडा सांगतो. १० लाख, ९ टक्के: पाच वर्षांना हप्ता सुमारे २०,७६०, सात वर्षांना १६,०९०. हप्ता हलका दिसतो, पण सात वर्षांत लाखभर रुपये जास्त जातात.

विमा, आणि २३ सप्टेंबरची पहाट

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन दाखवा, ते बहुधा तिथपर्यंत येतात. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी बंधनकारक आहे, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा पुरतो. झिरो डेप (दाव्यात सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर) घ्याच.

इंजिन प्रोटेक्ट मात्र लोक टाळतात, "नागपुरात कुठे पूर येतो" म्हणून. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली आणि सकाळी रांगेने उभ्या गाड्यांमध्ये चिखल होता. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान भरून मिळतं, पण पाण्यात बुडालेली गाडी चालू करायला गेलात आणि इंजिन आतून मोडलं, तर त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. ते या जादा कव्हरमध्ये येतं. कव्हर असो-नसो, बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नका. टो करून न्या. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी दिसलं तर वळून जा, सेडानच्या इंजिनाचं हवा ओढायचं तोंड खालीच असतं.

नोंदणीच्या आधी गाडी बघा

बुकिंगच्या पावतीवर मॉडेल, व्हेरिएंट, रंग, उत्पादनाचा महिना आणि पैसे परत मिळण्याची अट लिहून घ्या. पैसे शोरूमच्या खात्यातच भरा, कुणा "भाऊ"च्या नंबरवर नाही.

एमएच-३१, ४० किंवा ४९, तुमचा जो काही आरटीओ असेल, तिथे कागद जाण्याआधी यार्डात जाऊन गाडी तपासा. एकदा तुमच्या नावावर नोंदली की ओरखडाही तुमचा. दिवसाच्या उजेडात, सावलीत नव्हे, उन्हात, रंगाकडे तिरप्या नजरेने बघा. पुन्हा रंगवलेला पत्रा वेगळा चमकतो. टायरवर चार आकडे असतात: ३४२५ म्हणजे २०२५ चा ३४ वा आठवडा. पाचही टायर वाचा, स्टेपनीसकट. मीटर शंभराच्या आत हवा. सगळ्या काचांवरचे आकडे जुळतात का, बॅटरी ताजी आहे का, एसी, सगळे दिवे, दुसरी चावी. चेसिस नंबर कागदाशी स्वतः पडताळा.

समृद्धीवर पहिल्यांदा जाण्याआधी टायरची हवा सकाळी, थंड टायरमध्ये, कंपनीने दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरा. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. तापलेल्या सिमेंटवर १२० ने तासन् तास चालताना कमी हवेचं टायर सर्वांत आधी फुटतं.

आणि टेकडीच्या गणपतीला गाडी नेलीत की बोनेटवर स्वस्तिक निघणारच. पुजारीबुवांना कुंकू पाण्यात फार घट्ट कालवू नका म्हणावं, हाराची तार रंगाला लागू देऊ नये आणि घरी आल्यावर हळद-कुंकू ओल्या मऊ कापडाने लगेच पुसावं. आम्ही रात्रभर तसंच ठेवलं. पांढऱ्या बोनेटवर उजवीकडे अजून फिकट पिवळा स्वस्तिक दिसतो, आणि बाबा तो कोणाला पॉलिश करू देत नाहीत.